अठरा तारीख

सलोनी, मिहानमधली तुझी पहिलीच नोकरी,
तिसरा पगार व्हायच्या आत तीन बँकांचे फोन,
आणि तू विचारून राहिली, आत्या, यातलं कोणतं घेऊ?
बस. तुझे बाबा कूलरमध्ये पाणी भरून राहिले,
तेवढ्यात सांगते.

हा माझा कंपास. शाळेतलाच, कर्कटक हरवलेला.
आत दोनच कार्डं.
निळं रोजचं: किराणा, विजेचं बिल, आजीच्या गोळ्या.
लाल फक्त तिकिटांचं,
वर्षातून चारदा उजेड पाहते बिचारं.
दोघांचेही पॉइंट एकाच विमान कंपनीच्या खात्यात,
दोन नळ, एक बादली.
तिसरंही होतं, सोनेरी,
फी वर्षाला पाच हजार, बदल्यात विमानतळावरचा सोफा.
आता सोनेगावला मी जाते वर्षातून एकदा,
तेही कुणाला तरी सोडायला, गेटापर्यंत.
बंद करून टाकलं.

बँकेची तारीख अठरा. मी सोळालाच भरते,
पूर्ण, पै न् पै,
मधले दोन दिवस सर्व्हर बसण्यासाठी
आणि माझं डोकं बसण्यासाठी ठेवलेले.

बिलावर दोन आकडे असतात, पोरी.
मोठा असतो तो खरा. लहान असतो तो गोड.
रामदासपेठेतल्या लॅबच्या खिडकीत बावीस वर्षं बसले,
लोक आधी विचारतात, आज किती भरू?
काय निघालं, ते नंतर विचारतात.

हेमराजनेही तेच विचारलं होतं.
हो, तुझ्याच बाबांनी.
सगळ्यांना सिंगापूर दाखवतो म्हणाला, पॉइंटांवर.
पॉइंटांसाठी टीव्ही. पॉइंटांसाठी फ्रिज.
ऑफिसातल्या कुण्या ढोबळेचा मोबाइलही आपल्याच कार्डावर,
ढोबळेने पैसे दिले, ते पेट्रोलात गेले.
आणि चौदा महिने तो लहान आकडा भरत राहिला,
साडेतीन टक्के महिन्याला.
बारा वेळा म्हणून बघ एकदा, मोठ्याने.

पाण्याचा आवाज थांबला बघ.
थांबू दे.

तू चौथीत होतीस.
घरातला फोन आम्ही उचलत नव्हतो,
तुला सांगितलं, बाबांना टायफॉइड झालाय,
आवाज सहन होत नाही.
मी काश्मीरसाठी ठेवलेली आवर्ती ठेव मोडली
आणि कार्डं कापली कात्रीने, ओट्याजवळ उभं राहून.
प्लॅस्टिक चिवट असते, उडते. एक तुकडा
महिनाभराने तुरीच्या डाळीत सापडला.
पॉइंटांचं म्हणशील, तर त्यांची मुदत
त्याच्या आधीच संपली होती.

मग मी काहून ठेवली ही दोन?
कात्रीचा राग कात्रीपुरताच असावा म्हणून.
जे घेणारच होते, तेच त्यांच्यावर घेते,
खात्यात पैसे असतील तेवढंच.
मागच्या दिवाळीत साडेआठशे पॉइंट कमी पडत होते,
मॉलमधला पोरगा म्हणे, मॅडम, एअर फ्रायर घेऊन टाका,
होऊन जाईल.
होऊन जाईल!
नाही बा, म्हटलं, आमच्या घरी हे एकदा होऊन गेलंय.
थांबले. दूध-डाळीवर जानेवारीत भरले साडेआठशे,
तर बँकेने भावच बदलला होता.
कालचे शंभर आजचे साठ. कुणाला विचारायचं?
जमवलेले पॉइंट म्हणजे ठेव नव्हे,
ठेवले की विटतात.

म्हणून जातानाच विमान.
नागपूर, दिल्ली, श्रीनगर, खिडकीची जागा.
येताना जम्मूहून गाडी, पुरी, लोणचं,
आणि वरच्या बर्थवर रात्रभर घोरणारे एक फौजी काका.
बर्फ पाहिला, सलोनी.
हातात घेतला. बोटं सुन्न होईस्तोवर धरला.
कुणाचं देणं नव्हतं त्याच्यावर.

तो बघ, दारात उभा आहे,
बादली हातात, बाही ओली.
मला वाटलं रागावेल.
पण म्हणतो काय, तुझ्याकडे न बघता,
सोळालाच भरजो, बाई.

चल, कूलर लाव आता.
आणि बँकेचा फोन आला तर सांग,
विचार करून राहिली.