रोजची

मागच्या मालकानं स्प्रिंगा कापून
तिला पार जमिनीला टेकवली होती.
पिरनवाडीच्या प्रत्येक उंचवट्यावर
ती पोट खरवडायची.

लाल पॅलिओ, एक पॉइंट सहा.
उन्हानं टपाचा रंग सोलपटलेला,
बॉनेटखाली खुमखुमी मात्र तशीच.

मकतुम मिस्त्री चाकाशी उकिडवा बसला.
"शर्यतीला न्यायची, की डबा घेऊन कामाला?"
कामाला. खानापूर ते उद्यमबाग. रोज.
"मग सोल्प तडी," म्हणाला,
आणि पुढचे चार महिने तेवढंच म्हणत राहिला.

खालच्या आर्मचा बुश कुठंच मिळेना.
हुबळीत नाही, कोल्हापुरात नाही.
शेवटी दुसरी पाळी सुटल्यावर
मीच लेथवर कातला.
वीस वर्षं याच लेथवर
कुणाकुणाच्या पंपांचे भाग कातले;
घरी नेलेला हा पहिलाच,
खिशात अजून कोमट.

स्प्रिंगा उंच झाल्या, रुंद टायर गेले.
ढोलासारखा सायलेन्सर उतरवताना
मिस्त्रीचा पोरगा जरा हिरमुसला.
एसी काही जमला नाही.
राहू दे की.

आता मच्छेजवळ
उसाच्या ट्रॅक्टरमागं ती गुमान चालते.
मागच्या सीटवर डबा, कोथिंबीर,
शेजारणीची दळणाची पिशवी.

फक्त झाडशहापुराआधी कधी
रस्ता मोकळा सापडला,
तर तिसऱ्या गिअरात काटा
साडेचार हजारांवर चढतो
आणि बुश, माझा बुश,
हूं की चूं करत नाही.

मग चौथा टाकतो.
साडेआठचं पंचिंग आहे.