पिकग्लास

साखर पेठेच्या मागच्या बोळात,
जिथे माग थांबला की शेजारी विचारायला येतात, काय झालं म्हणून,
यादगिरी कुडक्याल चादरींच्या नक्षी काढतात.
आधी चौकटीच्या कागदावर, पेन्सिलीनं,
आता कॉम्प्युटरवर. तसंच, एकेक घर भरत.

मला फोन आला तो मोरासाठी.
"म्हेत्रेबाई, मोर सरकवला की फाटतोय बगा.
डोकं पुढं जातंय, पिसारा मागनं येतोय."
ग्राफिक्स कार्ड आहे का, मी विचारलं.
"हाय की. अंबादासनं पुण्यावरनं आणलं, तीन वर्षं झाली.
अठरा हजार."

कॅबिनेट उघडलं.
आत धूळ नव्हती, रुव्वा होता:
पंख्याच्या पात्यांवर सुताची गुलाबी लव,
कुणीतरी आत बसून पिंजल्यासारखी.
ब्रशनं काढली. कार्ड खाचेत नीट बसलेलं,
पंखा फिरत होता.
मग मी डबा वळवून मागची बाजू पाहिली
आणि जरा वेळ काही बोलले नाही.

"मामा, ह्यातून चित्र बाहेर यायची दोन दारं आहेत.
वरचं मदरबोर्डचं.
प्रोसेसर बाकीची कामं उरकता उरकता
तिथनं चित्र काढून देतो, जमेल तसं.
खालचं आडवं आहे ना, ते कार्डाचं.
त्याच्याकडे स्वतःची मेमरी, शेकडो बारके हात,
ठिपके वाटून घेऊन एकदम रंगवणारे.
तुमची वायर वरच्या दारात आहे."

"म्हंजे तीन वर्षं?"

"तीन वर्षं कार्डाला कुणी काम सांगितलंच नाही."

ते स्टुलावर बसले. हसले नाहीत.
"आमचे नाना," म्हणाले,
"गिरणी बंद झाल्यावर दोन म्हयने
भोंग्याच्या टायमाला उठून बसायचे.
अंगोळ करून. शर्ट घालून.
हे बी तसंच फिरत बसलं असंल की ओ."

मी वायर खाली लावली. स्क्रीन काळी,
मग एकदा लुकलुकली,
मग मोर. त्यांनी माऊसनं ओढला,
डावीकडनं उजवीकडे, पुन्हा डावीकडे.
पिसारा डोक्यासोबत गेला.
चारपाच वेळा नेला त्यांनी तो, नुसताच.

मग खिशातनं पिकग्लास काढला,
पितळी, घडीचा, एका इंचात धागे किती ते मोजायचा,
आणि स्क्रीनला टेकवला, चादरीला टेकवतात तसा.
"उभे किती?"
"एकोणीसशे वीस."
"आडवे?"
"हजार ऐंशी."
"ताणा जास्त हाय," म्हणाले. "आणि विणतंय किती येळा?"
"सेकंदाला साठदा."
बोटांवर हिशेब. ओठ हलत होते, तेलुगूत.
"मिनिटाला छत्तीसशे चादरी!
आणि एक बी घडी घालून ठेवता येत न्हाई."

मग डोळा भिंगालाच ठेवून गप्प झाले.
"बाई, हितं पांढरं न्हाईच."
मोराच्या मागची पांढरी जमीन पाहत होते ते.
"लाल हाय, हिरवं हाय, निळं हाय. शेजारी शेजारी.
पांढरं कुठाय?"
मी म्हटलं, ते तुमच्या डोळ्यात होतं. लांबून.
"रंगाच्या टाकीत हे तिन्ही ओतलं
तर चिखल होतोय," ते म्हणाले.
मी म्हटलं, हा उजेड आहे, मामा, रंग नाही.
ह्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
की जणू मी उधारीवर काहीतरी विकत होते.

दोनशे दिले. चहा झाला.
निघताना म्हणाले, स्क्रीनवरचा लाल
त्यांच्याकडच्या लाल सुतासारखा नाही,
गिऱ्हाईक भांडणार.
मी म्हटलं, पुढच्या खेपेला रंग जुळवून देते.
म्हणाले, सूत घेऊन बसू.

रात्री लाइट गेली. गच्चीवर अंथरूण टाकलं.
चादरीचा एक धागा निघाला होता कडेला,
तो नखानं तोडला, उकलला,
मोबाइलच्या उजेडात डोळ्याजवळ नेऊन बघितला.
लाल.
आतपर्यंत लालच.