इतिवृत्तात नसलेले अकरा सेकंद

माझं काम घड्याळाचं.
हिरवा दिवा, पिवळा, मग लाल.
माणशी तीन मिनिटं.
ओहायोतल्या या नगरसभेत सतरा वर्षं
मी लोकांची वाक्यं अर्ध्यावर तोडत आलेय.

आज विषय क्रमांक नऊ:
नदीकाठच्या बंद काचकारखान्याच्या जागी
बावीस मजले, तळाशी कॉफी, माथ्यावर तलाव,
आणि पंधरा वर्षं मालमत्ता कर माफ.

विकासकाचे वकील किनसेला बूट न वाजवता आले.
त्यांच्या पडद्यावरची झाडं आत्ताच मोठी झालेली,
खालून चालणाऱ्या माणसांना सावल्या नव्हत्या.
"रिकाम्या जागेचा कर आज किती येतो?
जे येतच नाही, ते गेलं असं कसं म्हणता?"
हिशेब चोख होता.
मी मनात दोनदा करून पाहिला.

मग ओडेसा प्रूइट. वय एक्क्याऐंशी.
कापडी पिशवीत कराची दोन बिलं,
एक मागच्या वर्षीचं, एक यंदाचं.
"व्हरांड्याच्या तीन पायऱ्या नव्या केल्या मी.
जुन्या कुजल्या होत्या, टपालवाला पडला असता.
तुमचा माणूस आला, पायऱ्या मोजून गेला,
घराची किंमत वाढली म्हणाला.
तीन पायऱ्यांना दंड,
बावीस मजल्यांना बक्षीस.
मी किती उंच बांधायला हवं होतं,
तेवढं तरी सांगा."
हशा पिकला. अध्यक्षांनी हातोडा आपटला.

हसला नाही तो टेरेन्स ओस्ट्रोव्स्की,
लोखंडकाम करणारा, चौदा महिने घरी बसलेला.
"बाई, तुमचं खरंय," तो तिच्याकडे वळून म्हणाला,
(सभेकडे तोंड करून बोलायचा नियम आहे)
"पण मला पंधरा वर्षांचं काही कळत नाही.
मला सोमवार हवाय."

शाळामंडळाच्या बाई एकच आकडा सांगून बसल्या:
संगीत शिक्षक, अडीच.
अर्धा शिक्षक कसा असतो, कुणी विचारलं नाही.
माझ्या मुलाला व्हायोलिन शिकवणारा
बहुधा तोच असावा.

पंधरा वर्षांनी कर सुरू होईल म्हणे.
काचकारखान्यालाही अशीच वर्षं दिली होती.
माझे वडील तिथे भट्टीवर होते,
जेवताना त्यांच्या भुवया नसायच्या.
माफी संपली त्या हिवाळ्यात
मालकांनी यंत्रं दक्षिणेकडे हलवली,
तिथल्या कुठल्याशा गावात
हिरवा दिवा लागला होता.

सात विरुद्ध पाच. मंजूर.

इतिवृत्तात मी लिहिलं:
श्रीमती प्रूइट विरोधात बोलल्या.
पायऱ्यांसाठी रकाना नाही.

एक गोष्ट मात्र लिहिली नाही.
तिची वेळ संपली तेव्हा माझं बोट
लाल बटणावर होतं
आणि ते तसंच राहिलं,
अकरा सेकंद.
एवढीच सूट माझ्या हातात होती,
मतदान न घेता देऊन टाकली.