बारा व्होल्ट

गाडी बंद. आनंदनगरच्या पार्किंगमध्ये, सतरा नंबरच्या खांबाशी.
काल रात्री पडद्यावर एक्क्याऐंशी टक्के होते,
म्हणजे महाबळेश्वर गाठून परत यावं एवढी वीज पोटात,
आणि आज साधं दार उघडेना.

रिमोटच्या आत लपलेली किल्ली काढली, दार उघडलं,
बॉनेट वर केलं. कुमुद वाकून बघत म्हणाली,
"घरात धान्याची पोती, आणि काडेपेटी ओली."
पस्तीस वर्षं औंधच्या आयटीआयत वायरमन ट्रेड शिकवला मी,
इतकं सोपं करून एकदाही सांगता आलं नाही.

सुहेल तांबोळी आला, दोन हजार नऊची बॅच,
नाना पेठेतून, स्कूटरवर पायांमध्ये खोका धरून.
"सर, शिसं काढूनच टाकू आता. लिथियम बसवू."
बोलला विचारल्यासारखं, पण खोका आणलेलाच होता.

दहाचा पाना घेऊन
त्याने आधी ऋण अग्राची तार सोडली.
मी काही बोललो नाही.
ह्याच एका चुकीसाठी त्याला
दिवसभर वर्गाबाहेर उभा केला होता.
त्यालाही आठवलं असावं, मान वर केली नाही त्याने.

टर्मिनलवर पांढरी भुकटी.
वास तोच, ज्याने माझ्या खाकी पँटी खाल्ल्या.
भोकं धुतल्यावर दिसायची, मोहरीएवढी.
कुमुद रफू करायची अन् म्हणायची,
पगाराला आधीच चाळण, आता पँटला.

जुनी बारा किलोंची. दोघांनी मिळून काढली,
कमरेला ओळखीचं वजन.
मग नवी उचलायला मी तसाच वाकलो, तोच श्वास धरून,
आणि हात एकदम छातीपर्यंत वर,
अंधारात नसलेली पायरी चढावी तसे.
सुहेल हसला. मग मीही.

मीटर लावला. तेरा पूर्णांक तीन.
"असाच राहणार सर. संपत येईपर्यंत आकडा हलत नाही."
आणि मग?
"मग आतलं सर्किट तोडतं. खट्."

शिशाचं असं नव्हतं.
ते महिनाभर आधी कुरकुरायचं,
हॉर्न घोगरा, दिवा पिवळा,
थंडीत एकदा ढकला म्हणायचं, मग रोजच.
आपण पाणी घालायचो, शिव्या घालायचो,
तेवढ्यात मनाची तयारी होऊन जायची.
ह्या गाडीत बिचाऱ्याला कण्हायला स्टार्टरच नव्हता.

गव्हाणे, फिटर ट्रेड,
माझ्या निरोपसमारंभात सगळ्यांत मोठ्याने हसला,
दोन प्लेट बासुंदी खाल्ली.
तो बुधवार होता.
शुक्रवारी मी त्याच्या घराबाहेर चपला काढत होतो.

सुहेलने वॉरंटीचं कार्ड दिलं, पाच वर्षांचं.
मी त्यात माझं वय मिळवून पाहिलं, उगाच.
जुनीचे भंगारात वजनावर हजारभर येतील म्हणाला.
हिचे?
"हिला अजून कोणी विचारत नाही सर."

रात्री जेवण झाल्यावर मीटर घेऊन पुन्हा खाली गेलो.
तेरा पूर्णांक तीन.
एकदा हॉर्न दाबला, कुठे घोगरा होतोय का ऐकायला.
खणखणीत.
चौथ्या मजल्यावर दिवा लागला,
आमच्याच घरातला.