ताण

"ताण किती ठेवू?" नान्ना विचारतो.
रॅकेट मांडीवर आडवी,
समोर भंगारातल्या मागाचे दोन चाप,
त्यांचंच त्याने तारा ओढायचं यंत्र केलंय.
उभ्या तारा त्याच्या लेखी ताणा, आडव्या बाणा.
बाकी टेनिस त्याला कळत नाही,
ड्यूसला अजून ज्यूसच म्हणतो.

"छप्पन्न. उद्या ऊन आहे, चेंडू सुटतो."
मागाच्या खडखडाटात त्याचा उजवा कान गेला,
म्हणून तार छेडून तो हनुवटी फ्रेमला टेकवतो,
हाडातून ऐकतो, मान हलवतो.
"आणि तुझा?"
मी बुटाची नाडी उगाच पुन्हा ओवत बसते.

रात्री विडी घरकुलात सगळं निजल्यावर
गच्चीवर मी चेंडू वर टाकते. फक्त टाकते.
लव गेलेला एकच चेंडू, काळोखात,
त्याच हातात परत आला पाहिजे.
अम्मा विड्या वळताना हाताकडे बघत नाही,
मालिका बघते, आणि हजार होतात.
तसं.
सदतिसावा टाकीच्या पत्र्यावर आपटला.
नरसम्मा खाटेवरून ओरडली, "एवरू?"
"मीच, श्रीलता."
मग अडतीस.

पिशवीत: मीठ-साखरेचं पाणी, दोन केळी, जास्तीचे मोजे,
नान्नाच्या मागावरचा टॉवेल,
कडेला एक धागा सुटला म्हणून निर्यातीतून परत आलेला.
शेंगाचटणी अम्माने डब्यातून काढून घेतली,
"तहान लागेल. जिंकून ये, मग खा."
हरले तर काय खायचं, ते बोलली नाही.

कोर्टावर साडेसहाला यल्लप्पा माती भिजवत होता.
मी चपला काढून मागच्या रेघेवरून चालले,
डाव्या कोपऱ्यात टाचेला खळगा लागला,
तिथे चेंडू उसळणार नाही, घसरेल.
"अकराला ऊन टाकीकडून येतं," यल्लप्पा म्हणाला,
"तिकडून सर्व्हिस करणाऱ्याला काही दिसत नाही."
त्याने हे सगळ्यांनाच सांगितलं असेल.

पुण्याची मुलगी आली. सहा रॅकेटी, एक कोच,
आणि केळं सोलून हातात देणारी आई.
ती हसली. चांगली हसली, ते जास्त वाईट.
मी तीनदा संडासला जाऊन आले.
चौथ्यांदा नुसती नळाखाली मनगटं धरून उभी राहिले.
पाणी दहालाच गरम.

जाळीबाहेर नान्ना, रातपाळीतून थेट,
भुवयांवर कापसाची पांढरी लव.
त्याला गुण ऐकू येणार नाहीत,
तो फक्त माझे पाय बघणार.
बोटाने त्याने हवेत तार छेडली.

नाणं माझ्या बाजूने पडलं.
"काय घेणार?" पंच घड्याळ बघत.
पांढरं ऊन टाकीवरून सरळ खाली येत होतं.
काल रात्री मला चेंडू कुठे दिसत होता?
"बाजू," मी म्हणाले, "ती. टाकीसमोरची."
मागे जाताना
कुणी बघत नाही असं पाहून
रॅकेटची फ्रेम हनुवटीला लावली, एक तार छेडली.