सगळे नकोत

आमच्या भाषेत यांना श्युती म्हणतात.
म्हणजे खाऊच. छोटा केक, खसखशीची वळी,
कॉफीबरोबर बशीत येतं ते काहीही.
एकतीस वर्षं सेगेदच्या बेकरीत मी हेच मोजलं,
ट्रेमागून ट्रे,
आणि आता पडद्यावर कुणी विचारतं, श्युती घेणार का?
तर बोट आपोआप 'हो'वर जातं.
खाऊला नाही कसं म्हणायचं.

देझो म्हणाला, कॉम्प्युटर फार रखडतोय,
पुसून टाक सगळं.
देझोचं असंच. एनिकोच्या वेळीही
सगळंच एकदम. फोटोसुद्धा.

मी म्हटलं, सगळं नको.
सुक्याबरोबर ओलंही जातं अशानं.
बँक पुन्हा आईचं माहेरचं नाव विचारत बसेल,
लायब्ररी मला ओळखणार नाही,
हवामानवाले परकी समजून
बुडापेस्टचा पाऊस सांगतील मला.

चष्मा पुसला. यादी उघडली.
दोनशे चौदा नावं.
नव्या वर्षाची मसूर निवडावी तशी बसले,
एकेक, बोटानं.

श्रवणयंत्रवाले. एकदाच पाहिलं होतं, फेब्रुवारीत,
त्याच्यासाठी, चोरून.
तेव्हापासून दर पानाच्या कडेला
तो हसरा म्हातारा कानामागे हात धरून उभा.
जा बाबा.
बुटांचं दुकान. गेलं.
हे एक, नाव नाही, नुसते आकडे नि अक्षरं,
कधी घरात शिरलं कुणास ठाऊक,
कोपऱ्यात बसून आमचं काहीबाही टिपत होतं.
जा, जा.
विणकामाचे नमुने राहू देत.
बुद्धिबळ त्याचं. राहू दे.

मग ऑस्ट्रियाची रेल्वे.

बोट थांबलं.
हे माझं पाप.
तो बागेत असला की मी बघते कधी कधी,
सेगेद ते ग्राट्स, बुडापेस्टला गाडी बदलून.
नुसत्या वेळा. तिकीट नाही.
आणि लगेच मागचं सगळं पुसते,
पण हे खाली राहिलं असणार,
ट्रेच्या कडेला जळका चुरा धरून राहतो तसं.

शेजारी लिहिलं होतं, शेवटचा वापर: मंगळवार.

मंगळवारी मी माकोला होते.
बहिणीकडे, रात्री मुक्कामाला.
येताना कांदे आणले दहा किलो.

पान उघडलं.
भरून ठेवलेलं होतं.
कुठून, कुठे, माझ्यासारखंच.
फक्त खाली, जिथे मी नेहमी एक लिहिते, तिथे
प्रवासी: दोन.
ज्येष्ठ नागरिक, सवलत हवी.
परतीची तारीख कोरी.

बाहेर तो टोमॅटोला काठ्या लावत होता.
तिथूनच ओरडला, झालं का गं पुसून?
झालं, म्हटलं.
काय? म्हणाला.
झालं, झालं.

त्या एका नावापुढची खूण काढली.
बाकीच्यांवर 'काढून टाका' दाबलं.
क्षणभर पडदा पांढरा झाला,
बेकरीत शनिवारी दुपारी टेबलं व्हायची तसा.

कॉम्प्युटर काही फार पळायला लागला नाही.

आणि तो कानामागे हात धरलेला म्हातारा,
त्याला मात्र उगाच घालवलं.
ग्राट्सच्या फलाटावर
हाक आली कुणाची
तर देझोला ऐकू यायला हवी.
उद्या पुन्हा शोधते.