गळालेली ओळ

लक्ष्मीपुरीत, धान्यबाजाराच्या मागं माझा छापखाना.
तुळशीचं लग्न लागलं की खिळ्यांच्या पेट्यांना झोप नसे.
श्रीकृपेकरून, चि. सौ. कां., अगत्य येणेचे करावे,
डोळे मिटून जुळवायचो मी ही अक्षरं,
शिशातली, उलटी, आरशातून बघितल्यासारखी.

बरगाले सर प्रश्नपत्रिकांची प्रुफं तपासायला येत.
एकदा चहा बशीत ओतता ओतता म्हणाले,
"दौलू, एक युद्ध आमंत्रणावरनं झालंय. दहा वर्षं चाललं."
मी म्हटलं, "आमच्यात मांडवातच होतंय की सर. दहा मिनिटांत."
ते हसले नाहीत.

यवनांच्या देशातलं लग्न.
नवरी समुद्राच्या म्हाताऱ्याची लेक,
नवरा साधा माणूस, मरणारा.
देवांचं झाडून सगळं बिऱ्हाड पंगतीला,
एकीला तेवढं बोलावणं नाही.
भांडण हेच तिचं नाव, भांडण हाच तिचा धंदा.
ती आलीच. पाटावर बसली नाही.
सोन्याचं एक फळ पंगतीतनं घरंगळत सोडलं,
वर कोरलेलं: सगळ्यांत देखणीला.
तीन देवींचे हात एकदमच पुढं आले.

थोरल्या देवानं अंग काढून घेतलं,
आपल्याकडचे पंच घेतात तसंच,
आणि निवाडा ढकलला डोंगरावर
मेंढरं राखणाऱ्या एका पोरावर.
एकीनं त्याला राज्य देऊ केलं,
दुसरीनं लढाईतली अक्कल,
तिसरीनं दुसऱ्याची बायको.

"मग?"
"मग काय. पोरगं विशीतलं."

सर प्रुफं घेऊन गेले. बशीत चहाचा गोल डाग.
मला त्या पोराचं काही वाटलं नाही,
त्या तिघींचंही नाही.
मी विचारणार होतो, सर,
त्या लग्नाची यादी कुणी केली होती?
नाव मुद्दाम गाळलं, की नजरेतनं सुटलं?
विचारलं नाही. कारण मला विचारलं असतं तर?

मागच्याच वैशाखातली गोष्ट. मंगळवार पेठेतले इंगवले.
पत्रिका आठशे, कागद त्यांचा.
फर्मा आवळताना खालनं एक ओळ निसटली:
श्रीमती द्वारकाबाई आडनाईक (आत्या).
संध्याकाळी ट्रेडलच्या पायाशी सापडली, तेलात माखलेली.
तोवर आठशे छापून, सुतळीनं बांधून तयार.
म्हटलं, कोण वाचतंय नावं.

आत्या आल्या. बोलावणं नसताना आल्या,
इरकली नेसून, ताठ.
आहेराच्या टेबलावर आपला साज ठेवला,
त्यातला मासा, कासव, चंद्र लखलखत होते,
आणि चिठ्ठी: घरच्या खऱ्या लक्ष्मीला.
मसाले भात तसाच ठेवून निघून गेल्या.

इंगवल्यांच्या सुना तीन.

निवाडा कुणी केला, कुणी काय कबूल केलं,
मला ठाऊक नाही. बोळात खूप काय काय बोलतात.
एवढं दिसतं की एका दाराची तीन दारं झाली,
धाकटा बेळगावला गेला तो आईच्या मातीलाही आला नाही,
आणि साज अजून कोर्टाच्या मोहरेखाली,
कुणाच्याच गळ्यात नाही.

तिकडं म्हणे हजार नावा सुटल्या.
एक नाव गळालं की हजार नावा.
सरांच्या गोष्टीत देव होते, फळ होतं, बाई होती,
बोट ठेवायला पुष्कळ जण होते.
खिळे जुळवणारा कुठंच नव्हता.

आता ट्रेडल भंगारात गेलं. पोरगा संगणकावर छापतो,
एक अक्षर चुकलं तर पुसता येतं.
ती ओळ मी काडेपेटीत ठेवलीय, दोऱ्यानं बांधून.
कधी दुकान बंद करताना तळव्यावर दाबून बघतो.
शिशात उलटी असते,
कातड्यावर सुलटी उमटते.
शटर ओढून कुलूप लावेपर्यंत
टिकते.